शारापोवाची बंदी: फसवणूक की हलगर्जीपणा?

बेसलाईन
मंडळी, जुना विषय उकरून काढतोय, पण कारण घरातलंच आहे. मुलगी तेरा वर्षांची, अंडर-१४ खेळते. मागच्या आठवड्यात तिला खोकला झाला, नेहमीच्या डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं, आणि कोच म्हणाले आधी बाटलीचा फोटो पाठवा मग द्या. तर तिने मला विचारलं, बाबा, शारापोवा पण अशीच औषधामुळे अडकली होती ना, मग ती चीटर होती का?

मला पटकन उत्तरच देता येईना. रशियाची टेनिसपटू मारिया शारापोवा. २०१६ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या त्या हॉटेलात काळे कपडे घालून तिने पत्रकारांना सांगितलं होतं की ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मी मेलडोनियम नावाच्या औषधामुळे डोपिंग टेस्टमध्ये नापास झाले, ते मी टीव्हीवर पाहिलं होतं आणि तेव्हा मी सरळ चीटर म्हणून मोकळा झालो होतो. आता दोन रात्री बसून निकालपत्रं वाचली. आधी दोन वर्षं बंदी, मग ऑक्टोबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती पंधरा महिन्यांवर आणली. दोन्ही वाचून झाल्यावर माझं मत डळमळलंय. मला वाटतं ती फसवणारी नव्हती, पण निर्दोषही नव्हती, आणि पंधरा महिने बरोबरच होते. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांची मुलं खेळतात ते औषधांचं काय करतात, तेही सांगा.

तळ्यात_मळ्यात
दहा वर्षं हृदयाचं औषध घ्यायचं आणि म्हणायचं माहीत नव्हतं. चीटर. विषय संपला.

अनुजा_डोंबिवली
अहो विषय कसा संपला! ते औषध ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत चालत होतं आणि १ जानेवारी २०१६ ला बंद झालं. टेस्ट झाली २६ जानेवारीला, सेरेनाकडून क्वार्टर फायनल हरली त्याच दिवशी. म्हणजे पंचवीस-सव्वीस दिवसांचा फरक. डिसेंबरात पॉझिटिव्ह आली असती तर कुणी काही बोललंच नसतं.

सेकंड_सर्व्ह
सचिन कोण म्हणून विचारलं होतं तिने २०१४ मध्ये. तेव्हाच मी मनातल्या मनात बंदी घातली होती :)

अनुजा_डोंबिवली
येणारच होतं हे, मी वाटच बघत होते :D रशियात जन्मलेल्या आणि फ्लोरिडात वाढलेल्या मुलीला क्रिकेट माहीत नसणं हा गुन्हा नाही हो. आपल्यापैकी किती जणांना बेसबॉलचा देव माहितीये?

केमिस्टकाका
मी औषधाच्या धंद्यात तीस वर्षं आहे म्हणून थोडं लिहितो. मेलडोनियम हे लॅटव्हियात शोधलं गेलेलं औषध, मिल्ड्रोनेट नावाने विकलं जातं, रशिया आणि बाल्टिक देशांत हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडणाऱ्या पेशंटना देतात. आपल्याकडच्या दुकानात मी ते कधी पाहिलं नाही आणि अमेरिकेत तर त्याला मंजुरीच नाही. काम असं करतं की शरीरात कार्निटीन तयार व्हायला अडथळा आणतं, त्यामुळे पेशी चरबी जाळण्याऐवजी साखरेकडे वळतात, आणि तेवढ्याच ताकदीला प्राणवायू कमी लागतो. आजारी हृदयाला हा आधार आहे. धडधाकट खेळाडूला त्याने नेमका किती फायदा होतो यावर तज्ज्ञांत वाद आहे.

पण माझा मुद्दा वेगळा. कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं की हे चार ते सहा आठवड्यांच्या कोर्सने घ्यायचं, वर्षातून दोन-तीनदा फार तर. शारापोवाला २००६ मध्ये मॉस्कोच्या डॉक्टरने दिलं ते मॅग्नेशियम कमी, ईसीजीत गडबड, घरात डायबेटिस अशा कारणांनी. ठीक. पण २०१२ च्या अखेरीस तिने तो डॉक्टर सोडला, त्याच्या यादीतल्या बाकी बहुतेक गोळ्या सोडल्या, आणि ही मात्र चालू ठेवली, कुठल्याही नव्या डॉक्टरला न दाखवता. नेमकी मॅचच्या आधी घ्यायची. माझ्या दुकानात असा पेशंट आला तर मी विचारेन, ताई, हे औषध तुम्ही आजारासाठी घेताय की मॅचसाठी?

तळ्यात_मळ्यात
काका +१. हेच तर म्हणतोय.

बेसलाईन
काका, धन्यवाद. हाच भाग मला दोनदा वाचावा लागला. तिने पुढे आहारतज्ज्ञ ठेवला, त्यालाही सांगितलं नाही. वडील आणि मॅनेजर, एवढ्याच लोकांना माहीत. आणि नव्या वर्षाची बंदी घातलेल्या औषधांची यादी बघायचं काम कुणाकडे, तर मॅनेजरकडे, ज्याला औषधातलं काही कळत नाही. तो दरवर्षी सुट्टीला जाताना यादी बरोबर न्यायचा आणि वाचायचा म्हणे. त्या वर्षी त्याचा संसार मोडला होता, सुट्टीला गेला नाही आणि यादीही वाचली नाही. लवादासमोर हे सगळं आलं.

रंकाळा
एवढा पैसा आणि यादी वाचायला माणूस नाही? आमच्या तालमीतली पोरं वस्तादला विचारल्याशिवाय क्रोसिन घेत नाहीत.

परदेशी_पाखरू
मी तेव्हा स्टुटगार्टला नोकरीला होतो. २६ एप्रिल २०१७, बंदी संपल्याचा पहिलाच दिवस, आणि त्याच दिवशी तिची रॉबर्टा विंचीशी मॅच. ऑफिसातून हाफ डे टाकून गेलो. गंमत म्हणजे आदल्या दिवसापर्यंत तिला स्टेडियमच्या आवारात पाऊलही टाकता येत नव्हतं, सराव बाहेरच्या क्लबात करावा लागला, त्या बुधवारी सकाळी पहिल्यांदा आत आली. मॅच मात्र तिच्यासाठी संध्याकाळची ठेवलेली.

ती बोगद्यातून आली तेव्हा हॉलमध्ये एक क्षण अशी शांतता होती की लोकांना कळेना काय करावं. मग टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या, पण शिट्ट्या-आरोळ्या नाहीत. माझ्या शेजारी एक आजोबा हाताची घडी घालून बसले होते, पूर्ण मॅच त्यांनी घडी सोडली नाही. दोन सेटमध्ये जिंकली ती. पहिल्या दोन-तीन गेममध्ये चेंडू इकडेतिकडे जात होते आणि मग जे फटके लागायला लागले ना... मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण त्या आजोबांचंही मला चूक वाटलं नाही.

अनुजा_डोंबिवली
वा, हे छान लिहिलंत पाखरू.

तळ्यात_मळ्यात
वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग नसताना आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश, दिलं हेच चुकलं. फ्रेंच ओपनवाल्यांनी बरोबर केलं, दुखापतीतून येणाऱ्याला वाइल्ड कार्ड असतं, डोपिंगमधून येणाऱ्याला नाही असं त्यांनी सरळ सांगितलं. दोनदा तिथेच जिंकलेली असून.

सेकंड_सर्व्ह
मग स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसचं काय? २००७ च्या विम्बल्डनमध्ये कोकेनसाठी पॉझिटिव्ह, दोन वर्षं बंदी. ती नाही म्हणत राहिली, पण निकाल तोच राहिला. आणि २०१५ ला तीच हिंगिस सानियाबरोबर विम्बल्डन जिंकली तेव्हा आपण सगळे नाचत होतो की! पेसबरोबर मिक्स्डसुद्धा. तेव्हा कुणाला कोकेन आठवलं? आपल्या माणसाच्या शेजारी उभी राहिली की माफ, आणि सचिन कोण म्हणाली की चीटर.

तळ्यात_मळ्यात
...हे लागलं. मान्य. मी त्या फायनलला पेढे वाटले होते.

चेअर_अंपायर
धागा चांगला चाललाय म्हणून प्रथमच लिहिते. मी काही वर्षं स्पर्धांमध्ये डोपिंग कंट्रोलला शॅपरोन म्हणून स्वयंसेवक होते. टेनिस नाही, दुसरा खेळ. लोकांना वाटतं कपात लघवी दिली, संपलं. तसं नसतं.

मॅच संपली की मी खेळाडूसमोर जाऊन ओळखपत्र दाखवायचं, तुझी निवड झाली आहे म्हणून सांगायचं आणि सही घ्यायची. त्या क्षणापासून ती माझ्या नजरेआड होता कामा नये. बक्षीस समारंभ असो, रडू असो, मी दोन पावलं मागे. मग खोलीत सीलबंद भांडी मांडलेली असतात, त्यातलं कुठलं घ्यायचं ते तिने निवडायचं. कमीत कमी ९० मिली लागतं. हरलेली, घामाने सगळं पाणी गेलेली मुलगी, तासन् तास बसून राहते, पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या पिते. मी एकदा रात्री साडेअकरापर्यंत एका मुलीबरोबर बसले होते, बाहेर तिची आई डबा घेऊन उभी. नमुना झाला की तो तिनेच दोन काचेच्या बाटल्यांत ओतायचा, ए आणि बी. झाकण फिरवलं की कट्कट् असा आवाज येतो, आणि एकदा घट्ट बसलं की फोडल्याशिवाय उघडत नाही. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

आणि मग फॉर्म. त्यावर एक रकाना असतो, गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि सप्लिमेंट लिहा. हा रकाना भरताना मी मुलींचे चेहरे पाहिलेत. बहुतेकजणी सगळं लिहितात, अगदी लिमलेटच्या गोळ्यासुद्धा, भीतीने. शारापोवाने त्या रकान्यात व्हिटॅमिनं वगैरे लिहिली आणि मिल्ड्रोनेट लिहिलं नाही. ऑस्ट्रेलियात प्रत्येक मॅचच्या दिवशी घेत असताना. माझ्यासाठी सगळी केस त्या एका रकान्यात आहे. बाकी ईमेल उघडली नाही, मॅनेजरने यादी वाचली नाही, हे मी समजू शकते. पण पेन तिच्या हातात होतं.

बेसलाईन
ताई, काटा आला वाचून. तिचं म्हणणं होतं की रोज घेतलेलं तेवढंच लिहायचं असतं असं तिला वाटलं. पहिल्या समितीला ते पटलं नाही, त्यांनी तर लिहिलं की स्वतःच्या दुर्दैवाला ती एकटीच जबाबदार आहे. वरच्या लवादाने सगळं बघून उलट म्हटलं की तिला जाणूनबुजून डोपिंग करणारी म्हणता येणार नाही, आणि संघटनांनीही मेलडोनियमची सूचना खेळाडूंपर्यंत नीट पोचवायला हवी होती.

अनुजा_डोंबिवली
तोच तर मुद्दा आहे. २२ डिसेंबरला एक ईमेल, त्यात लिंक, लिंकमध्ये फाईल, फाईलमध्ये नाव. आणि ती एकटी नव्हती. २०१६ च्या एप्रिलपर्यंत जगभरात १७२ नमुने या एकाच औषधासाठी पॉझिटिव्ह आले होते. इतके लोक एकदम अडकतात म्हणजे कळवण्यात काहीतरी चुकलंय ना? पण ताई, रकान्याबद्दल तुमचं खरंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी पंधरा महिने पुष्कळ झाले असं मला वाटतं. आली तेव्हा तीस वर्षांची होती, नंतर एकही ग्रँड स्लॅम नाही, २०२० ला निवृत्त.

केमिस्टकाका
१७२ चा अर्थ दुसऱ्या बाजूने पण लावता येतो, अनुजाताई. २०१५ च्या बाकूच्या युरोपियन गेम्समध्ये ७६२ पैकी ६६ खेळाडूंच्या नमुन्यात हे होतं. एवढ्या तरुण, धट्ट्याकट्ट्या लोकांना एकदम हृदयविकार? म्हणून तर बंदी आली.

पुणेरी_बॅकहँड
क्रोएशियाच्या टेनिसपटू चिलिचची केस कुणीच काढली नाही अजून! २०१८ ला बालेवाडीत महाराष्ट्र ओपनला मी त्याला अगदी दहा फुटांवरून पाहिलंय, सराव करताना. एवढा साधा, शांत माणूस. २०१३ मध्ये म्युनिकला पॉझिटिव्ह आला होता. त्याची क्रोएशियाहून आणलेली ग्लुकोज पावडर संपली, आईने मोंटे कार्लोच्या औषधाच्या दुकानातून ग्लुकोजच्या गोळ्या आणल्या, पाकीट फ्रेंचमध्ये. त्याने वाचलं निकोटिनामाइड, म्हणजे साधं व्हिटॅमिन, आणि निघालं निकेथामाइड, म्हणजे बंदी घातलेलं. एका शब्दात करिअर अडकलं. नऊ महिने बंदी, वर जाऊन चार झाली, आणि पुढच्याच वर्षी यूएस ओपन जिंकला.

फक्त एक गोष्ट मला अजून टोचते. विम्बल्डनमधून त्याने गुडघा दुखतो सांगून माघार घेतली. गुडघा नव्हता, नोटीस आली होती. शारापोवाने निदान स्वतः समोर येऊन सांगितलं.

सेकंड_सर्व्ह
आणि इटलीची एरानी, आईचं कॅन्सरचं औषध घरच्या तोर्तेलिनीत पडलं म्हणे! फ्रान्सच्या गास्केने तर मायामीच्या क्लबमध्ये एका मुलीचं चुंबन घेतलं आणि कोकेन आलं, आणि ते सिद्धही झालं, सुटला तो. आता कांदेपोह्याच्या कार्यक्रमालाच नमुना घ्यायला हवा :D

अनुजा_डोंबिवली
हसू आलं, पण एरानीची बंदी आधी दोन महिने होती ती वरच्या लवादाने दहा केली. तिला ते फार लागलं. २०२४ ला पॅरिसमध्ये पाओलिनीबरोबर डबल्सचं ऑलिम्पिक गोल्ड जिंकली तेव्हा मी अक्षरशः टीव्हीसमोर उभी राहिले.

रंकाळा
तुमचं टेनिसवाल्यांचं बरं आहे हो. फिजिओ, वकील, तज्ज्ञ, सगळं विकत मिळतं. इटलीच्या सिनरच्या फिजिओने बोटाला फवारा मारला, त्याच हाताने मालिश केली आणि नमुन्यात क्लोस्टेबॉल नावाचं स्टेरॉइड आलं, ठीक आहे, अब्जांश ग्रॅमपेक्षा कमी होतं, मला पटतं. पण मार्च २०२४ ला पॉझिटिव्ह आणि जगाला कळलं ऑगस्टमध्ये, निर्दोष ठरल्यावर. शेवटी तीन महिने, तेही दोन ग्रँड स्लॅमच्या मधल्या रिकाम्या दिवसांत.

आणि आमचा पैलवान नरसिंग यादव बघा. तीनदा महाराष्ट्र केसरी, बाप मुंबईत दूध विकायचा. रिओच्या आधी पॉझिटिव्ह आला, म्हणाला माझ्या खाण्यात कुणीतरी कालवलं, आपल्या नाडाने, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेने, १ ऑगस्टला निर्दोष सोडला, गडी रिओला पोचला, वजन केलं की कुस्ती अशी वेळ आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षं ठोकली. चार वर्षं! त्या रात्री आमच्या तालमीत कुणी जेवलं नाही. मातीतली पोरं भिंतीला टेकून बसली होती, वस्ताद दिवा न लावता आत बसलेले. मी नरसिंगने घेतलं नाही असं छातीठोक म्हणत नाही, तिथल्या तज्ज्ञाने मोठा डोस गोळीतूनच गेलाय असं सांगितलं. पण सिनरकडे होते तसे वकील आणि तसा वेळ त्याच्याकडे असता तर निदान नीट ऐकलं तरी गेलं असतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

तळ्यात_मळ्यात
रंकाळा, तुमचं दुःख कळतं, पण नरसिंगच्या नमुन्यातलं मेथँडिएनोन हे सरळ स्टेरॉइड आहे, खोकल्याचं औषध नाही.

रंकाळा
माहितीये भाऊ. तरी दुखतं.

परदेशी_पाखरू
पैसा असला की न्याय मिळतो असंही नाही पण. रोमानियाच्या हालेपचं बघा. दोन ग्रँड स्लॅम, ऑक्टोबर २०२२ पासून निलंबित, निकालासाठी वर्षभर लटकवली, मग चार वर्षं, मग मार्च २०२४ मध्ये लवाद म्हणतो नऊ महिनेच पुरे होते. तोवर सतरा महिने घरी बसून झाले होते! उरलेले आठ महिने तिला कोण परत देणार? वर्षभरात निवृत्त झाली, क्लुजला, आपल्या लोकांसमोर.

२०१७ च्या यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत शारापोवाने हरवलेली हालेपच होती. रात्रीची मॅच, शारापोवा जिंकल्यावर गुडघ्यावर बसून रडली. कोर्टवरच्या दोघींपैकी एक बंदी भोगून आलेली आणि दुसरीच्या नशिबात ती अजून यायची होती.

पुणेरी_बॅकहँड
पोलंडच्या श्वियांतेकचं तर सहा आठ महिन्यांत निपटलं, एक महिना, झोपेच्या मेलाटोनिन गोळीत भेसळ. हालेपच्या सप्लिमेंटमध्ये भेसळ तर वर्ष दीड वर्ष.

चेअर_अंपायर
सहा आठ महिने नाही हो, त्याहून लवकर. नमुना १२ ऑगस्टचा, जाहीर झालं २८ नोव्हेंबरला. औषधाची गोळी आणि सप्लिमेंट यांत फरक करतात हेही लक्षात घ्या. मेलाटोनिन पोलंडमध्ये औषध म्हणून विकतात, त्यात भेसळ असेल असं खेळाडूला वाटणार कसं. सप्लिमेंटमध्ये धोका असतो हे मात्र सगळ्यांना बजावलेलं असतं. पण हालेपला इतका वेळ ताटकळत ठेवणं चूकच होतं, त्यात दुमत नाही.

केमिस्टकाका
आता बेसलाईन यांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, सगळे विसरलो. मुलीच्या सिरपमध्ये काय निघालं?

अनुजा_डोंबिवली
हो हो, ते राहिलंच! टर्ब्युटलीन तर नव्हतं? पृथ्वी शॉ त्यातच अडकला होता ना, २०१९ मध्ये इंदूरला मुश्ताक अली ट्रॉफीच्या वेळी नमुना दिला आणि आठ महिने बंदी. एकोणीस वर्षांचं पोर, खोकला झाला म्हणून सिरप प्यायलं.

बेसलाईन
तेच निघालं. बाटलीच्या मागे चंदेरी कागदावर चंदेरी अक्षरं, तीही मुंगीएवढी. मी मोबाईलचा टॉर्च लावून, चष्मा कपाळावर ढकलून वाचत होतो आणि मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनेच आधी वाचलं, टर्ब्युटलीन सल्फेट. डॉक्टरांचा दोष नाही, त्यांना मी सांगितलंच नव्हतं की ती खेळते. फोन केला तर त्यांनी लगेच दुसरं दिलं.

केमिस्टकाका
उत्तम केलंत. सगळ्याच पालकांना सांगतो, दुकानात आलात की आधी सांगा, मूल स्पर्धा खेळतं. आम्ही कंटेंट बघून देऊ. नाडाचं औषध तपासायचं ॲप आहे, नो युवर मेडिसिन, त्यात नाव टाकून बघा. ब्रँडचं नाव तेच असून आतला माल बदलतो कधीकधी, म्हणून दर वेळी बघा, मागच्या वेळी बघितलं होतं म्हणून सोडू नका. दम्याचं वगैरे औषध खरंच लागत असेल तर आधी अर्ज करून परवानगी घेता येते, टीयूई म्हणतात. आणि जिममधले पावडरचे डबे कृपा करून घरात आणू नका.

चेअर_अंपायर
आणि एक वही करा. तारीख, औषध, किती घेतलं. तिलाच लिहू दे, तुम्ही नका लिहू. अठराच्या आतल्या खेळाडूबरोबर डोपिंगच्या खोलीत मोठं माणूस येऊ शकतं, पण तो रकाना भरताना तिला स्वतःला आठवायला हवं.

तळ्यात_मळ्यात
बेसलाईन, मग मुलीला काय उत्तर दिलंत? मी माझं मत थोडं बदलतोय. चीटर हा शब्द मागे घेतो. पंधरा महिने बरोबर.

अनुजा_डोंबिवली
मी अजून एका वर्षाच्या बंदीवरच अडून आहे. रकाना धरून :)

बेसलाईन
तिला चेअर_अंपायर ताईंची पोस्ट वाचून दाखवली, बाटलीच्या कट्कट् आवाजासकट. म्हणाली, मग तिने लिहिलं का नाही? मी म्हटलं ते तिलाच माहीत. थोडा वेळ गप्प बसली आणि शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पानं फाडून स्टेपल करून आणली. पहिल्या पानावर लिहिलंय, खोकल्याचं सिरप, घेतलं नाही. त्याखाली, आजीचा काढा, दोन चमचे, सकाळी.

केमिस्टकाका
काढ्यात काय काय असतं तेही लिहायला सांगा तिला.

बेसलाईन
आईला विचारलं काका. आलं, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध, मिरी. स्पेलिंगसकट लिहून झालंय. शनिवारी पहिली मॅच आहे, खोकला उतरलाय.